नऊ नंबरची जागा

सायकलवरून पुलावर आलात, की डाव्या हाताला खाली नदीकाठी एक फिकट नारिंगी ठिपका दिसतो. तो मी. मी तंबू आहे. फार शिकलेला नाही आणि बोलतोही हळू. जमिनीचं तेवढं थोडंफार कळतं, कारण सारा जन्म तिच्या अंगावर पडून काढलाय.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. कापड सुती, जाड. वरून नारिंगी, खाली निळं. मला शिवणाऱ्या बाईचा नवरा नुकताच गेला होता. ती ओठांतल्या ओठांत टाके मोजायची, म्हणजे दुसरं काही मनात येऊ नये. माझ्या दाराची शिवण घालताना तिचं बोट टोचलं. तो रक्ताचा डाग कधी कोणाला दिसला नाही, पण पहाटे दव पडलं की त्या जागी मला इतर अंगापेक्षा जास्त गार लागतं.

मला विकत घेतलं आनातोलने. तो टपाल वाटायचा. वर्षभर सायकलवर, आणि सुट्टी लागली तरी सायकलवरच. त्याची बायको म्हणायची, याला खाली उतरवलं तर दोन पायांवर उभा राहील की आडवा होईल, देव जाणे. त्याची लेक सोलीन तेव्हा पुढच्या दांडीवरच्या इवल्या खुर्चीत बसायची. मी मागे, दोरांनी आवळलेला.

आनातोलची एक सवय होती. मुक्कामाच्या तळावर पोचलं की तो बूट-मोजे काढायचा आणि सगळा तळ अनवाणी फिरायचा. पाव तास, कधी अर्धा तास. इतर मंडळी खुर्च्यांवर बसून हसायची. बायको कांदा चिरून वाट बघत राहायची. मग तो एका ठिकाणी थांबायचा आणि म्हणायचा, "इथं." का, ते सांगायचा नाही. त्याने निवडलेल्या जागेवर माझ्या खाली कधी पाणी शिरलं नाही, की कधी मुंग्या निघाल्या नाहीत.

सोलीन मोठी झाली, लग्न करून गेली. मी माळ्यावर गेलो, सफरचंदांच्या खोक्यांमध्ये. बारा वर्षं तिथं होतो. आनातोल गेला ते मला कोणी सांगितलं नाही. त्या वर्षी सफरचंदं वर आली नाहीत, त्यावरून मी समजलो.

मग एके दिवशी सोलीननेच मला खाली उतरवलं. तोंड माझ्या घडीत खुपसून ती बराच वेळ उभी राहिली. तिला आता दोन मुलं होती. थोरली कापुसीन नऊ वर्षांची, तिची तिची सायकल चालवणारी. धाकटा बाझिल पाच वर्षांचा, आईच्या सायकलमागे जोडलेल्या दोन चाकी गाडीत बसणारा. बाझिलला पोहता येत नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात तो नातेवाइकांकडच्या हौदात पडला होता आणि वेळेवर बाहेर काढला म्हणून वाचला होता. एखादं दुसरं मूल पाण्याला भ्यालं असतं. हा पाणी दिसलं की तिकडेच ओढ घ्यायचा.

त्यामुळे जागा निवडायचं काम सोलीनने नवऱ्यावर सोपवलं नाही. सगळा हिवाळा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळांची यादी असलेलं पुस्तक उघडून बसली. झोपाळा आहे का, सावली आहे का, पाणी उथळ आहे का, सकाळी पाव मिळतो का. तिचा नवरा रेमी चेष्टा करायचा, "त्या पुस्तकात मच्छर किती ते लिहिलंय का गं?" ती हसायची नाही. लहानपणी तिच्यासाठी बापाने जागा निवडल्या होत्या. आता पोरांसाठी तिला निवडायची होती. तिच्याकडून चुकून चालणार नव्हतं.

उन्हाळ्यात आम्ही सायकलींवर निघालो आणि चौथ्या दिवशी भर दुपारी या गावात शिरलो. बाराचे ठोके नुकतेच पडून गेले होते. खिडक्यांची फळकुटं लावलेली, रस्त्यावर मांजर नाही. आत सगळे जेवत होते. ताटांवर सुऱ्या लागल्याचा आवाज तेवढा बंद खिडक्यांमागून येत होता. पुलावर एक पिवळी पाटी होती, चढत्या पाण्यापासून पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेली. धरणाखालच्या प्रत्येक नदीवर अशी पाटी असते. म्हणूनच ती कोणी वाचत नाही.

उतार उतरून आम्ही तळावर आलो. फाटक उघडं होतं. लाकडी खोपटाच्या दारावर पुठ्ठा टांगलेला होता: "मी संध्याकाळी येते. तोवर जागा तुमची तुम्ही निवडा." गावोगावच्या छोट्या तळांवर अशीच रीत असते, त्यामुळे कोणाला त्यात काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ऐन सुट्टीचे दिवस, नदी, सावली, आणि सगळ्या तळावर दुसरं एक माणूस नव्हतं.

झोपाळा होता. तो हलत होता. वाऱ्याचं मला चांगलं कळतं. वारा नव्हता.

खोपटाच्या भिंतीवर पावाची पाटी होती. उद्या सकाळी कोणाला किती पाव हवेत ते आदल्या दिवशी तिच्यावर खडूने लिहायचं असतं. पाटीवर एकच ओळ होती. जागा नऊ, लांब पाव दोन, क्रोसाँ चार. अक्षर लहान मुलाचं, ओळ वर चढत गेलेली.

"कोणीतरी पाव मागवून निघून गेलंय," रेमी म्हणाला. "आपण नऊवरच राहू. फुकटची न्याहारी."

नऊ नंबरची जागा पाहिली आणि सोलीनच्या चेहऱ्यावरचा चार दिवसांचा शीण उतरला. मऊ गवत, पॉप्लरच्या झाडांची सावली, दहा पावलांवर घोट्याएवढं पाणी, झोपाळा हाकेच्या अंतरावर. पुस्तकातल्या सगळ्या खुणा एका ठिकाणी जमलेल्या. गवतात एक चौकोन तेवढा पिवळा पडला होता, एखादा तंबू आजच सकाळी उठून गेला असावा तसा.

सोलीन त्या चौकोनाजवळ थांबली. वाकून तिने एका बुटाची नाडी सोडली, पाय बाहेर काढला. टाच गवताला लागणार, तेवढ्यात बाझिलने तिचा हात ओढला, शू लागली म्हणून. तिने बूट परत चढवला आणि ती त्याच्याबरोबर गेली. रेमीने मला उलगडलं.

मेखा हातोडीशिवाय आत गेल्या. रेमी खूश झाला. मला मात्र माझी मापं पाठ आहेत. दाराच्या दोन मेखांमध्ये एक हात आणि एक वीत, मागे दोन हात, कोपऱ्याचे दोर तिरके. खालच्या जमिनीत हीच मापं आधीच होती. माझ्या प्रत्येक मेखेसाठी एक भोक, बरोबर तेवढ्याच अंतरावर, त्याच कलाने. त्या तळावर मी पहिल्यांदाच आलो होतो.

आणि माझ्या तळाखाली चार खोलगट जागा होत्या. दोन मोठ्या, दोन लहान. माती रात्रीची झोपलेली असते तेव्हा माणसाच्या कुशीचा ठसा घेते, हे मला ठाऊक आहे; पण तो सकाळी उन्हाने जातो. हे ठसे जुने होते, आणि ते गेले नव्हते. कापुसीन आत येऊन आडवी झाली आणि म्हणाली, "आई, इथं माझी जागा आधीच केलेली आहे." तिचा खांदा, तिची कंबर, तिची टाच, सगळं नेमकं बसलं होतं.

दुपारभर मुलं काठावर खेळली. बाझिल घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून कोणाशी तरी बोलत होता. सोलीनने विचारलं, कोणाशी रे?

"त्या दोघांशी," तो म्हणाला. "त्यांना जेवायला जायचंय. पण त्यांची आई हाकच मारत नाही."

रेमी हसला. म्हणाला, तुझ्या बापावर गेलाय, वेडा. सोलीनने बाझिलला काखेत धरून बाहेर आणलं आणि त्याचे पाय पुसले. पाणी उन्हात होतं, तरी त्याचे पाय बर्फासारखे गार होते. ती नदीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मुलं दमली होती, पुढचा तळ तीस किलोमीटरवर होता. तिने पुस्तक उघडलं, बंद केलं.

सातच्या सुमारास त्यांनी घडीचं टेबल मांडलं. ऊन अजून पुलावर होतं. अंड्याचं घावन, टोमॅटो, सॉसेजचे काप, शेवटी खरबूज. जेवण रंगात आलेलं असताना फाटकातून एक बाई आली. साठीच्या पुढची, हातात कुत्र्याचा पट्टा. ती ओनोरीन, तळाची राखण करणारी. कुत्रा फाटकात बसला तो बसलाच, पुढे येईना.

तिने नऊ नंबरवर टेबल मांडलेलं पाहिलं. ती जवळ आली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि ताटांकडे पाहून म्हणाली, "सावकाश होऊ द्या." वळली आणि खोपटाकडे गेली.

या मुलखात जेवणाऱ्या माणसाला कोणी उठवत नाही. आनातोल तार घेऊन गेला तरी दाराबाहेर थांबायचा, आतली खरबुजाची फोड संपेपर्यंत. मरणाची बातमी असली तरी. लहानपणापासून हाडात मुरलेली गोष्ट.

ओनोरीन खोपटाशी पोचली. तिने पाटीवरची ओळ हाताने पुसली. परत आली. पुन्हा म्हणाली, "सावकाश होऊ द्या," आणि पुन्हा वळली. चार पावलं गेली. तिथं ती पाठमोरी उभी राहिली, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. मग ती तिसऱ्यांदा आली आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"उठा," ती म्हणाली.

"मादाम, आम्ही जेवतोय," रेमी म्हणाला.

"दिसतंय मला. आंधळी नाही. उठा."

मग तिने सांगितलं, उभ्यानेच, टेबलावरच्या सुरीकडे बघत. अकरा वर्षांपूर्वी असंच एक कुटुंब सायकलींवर आलं होतं. नवरा, बायको, दोन पोरं. दुपारी ती नव्हती, म्हणून त्यांनी आपली आपण जागा निवडली, हीच. संध्याकाळी ती आली तेव्हा ते जेवत होते. त्या आठवड्यात वरच्या धरणातून कधीही पाणी सोडणार होते, तेच सांगायला ती आली होती. पण धाकटा काहीतरी बोलला आणि चौघंही इतके हसले, की तिला मध्ये बोलवेना. ती म्हणाली, सावकाश होऊ द्या. सकाळी पाव देताना सांगू, असं ठरवून घरी गेली.

"सकाळी पाव घेऊन आले," ती म्हणाली, आणि तिने नदीकडे हात केला.

रेमीचा आवाज उतरला होता, पण तो ऐकेना. मग इथं कुंपण का नाही घातलं? घालते, ती म्हणाली, टिकत नाही. नंबराची खुंटी उपटली, तर सकाळी परत रोवलेली असते. दारावरचा पुठ्ठा काढला, तर तोही परत टांगलेला असतो. पाटी रोज पुसते, रोज तेच लिहिलेलं असतं; पाववाल्याला वाटतं मीच लिहिते. गावच्या कचेरीत दर हिवाळ्यात ठरतं की तळ बंद करायचा, आणि उन्हाळा आला की राहून जातं.

"आणि ते कुटुंब..." रेमीने माझ्या मेखांकडे बघितलं. "त्यांचा तंबू कसला होता?"

ओनोरीनने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं तेवढं.

रेमी म्हणाला, बरं, उद्या उजाडताच हलू, आता पोरांच्या डोळ्यांवर झोप आलीय. सोलीनने त्याला पुरं बोलू दिलं नाही. ती उठली, तोंडातला घास तसाच. माझ्या दाराशी गुडघे टेकले आणि पहिली मेख ओढली.

मेख येईना. हातोडीशिवाय आत गेलेली मेख आता दोन हातांनी ओढली तरी हलेना. रेमी धावला, त्यानेही जोर लावला. ती खालून धरलेली होती. मी ते अंगावर अनुभवलं, म्हणून सांगतो. माझे दोर ताणले गेले, कापड कुरकुरलं, आणि खाली त्या चार खोलगट जागा जराशा उबदार झाल्या.

सोलीनने मेख सोडली. बूट काढले. अनवाणी पाय मातीवर टेकवून ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "सोडा. ही माझी आहेत."

काही झालं नाही. मग ओनोरीन तिच्याशेजारी बसली, गुडघे कडाकडा वाजवत. म्हातारीने तळहात जमिनीवर पालथा ठेवला. "सोडा रे बाळांनो," ती म्हणाली. "तुम्हाला हाक मारायची राहिली, ती माझी चूक. या पोरांना जेवून घेऊ द्या."

मेख आली. बोटाने उचलावी तशी आली. मग बाकीच्या सगळ्या.

उताराच्या वर अक्रोडाची झाडं आहेत. तिथं त्यांनी मला पुन्हा उभा केला. जमीन दगडी, पाच मेखा वाकल्या. बाझिल रडून रडून झोपला. त्या दोघांना मी येतो म्हणून सांगितलं होतं, असं म्हणत होता.

सकाळी सात वाजता पाववाल्याचा भोंगा वरच्या रस्त्यावर वाजला. सगळे कॉफीचे वाडगे घेऊन बाहेर उभे होते. आधी नदीचा आवाज थांबला. गोट्यांवरून जाणाऱ्या पाण्याची खळखळ एकदम गेली, आणि पक्षीही गप्प झाले. मग पाणी आलं. लोंढ्यासारखं नाही, गर्जना नाही. तपकिरी, सपाट, चादर ओढावी तसं ते गवतावर सरकलं आणि चढत गेलं. एक वाडगा कॉफी संपायच्या आत नऊ नंबरची जागा बुडाली. झोपाळ्याची फळी तेवढी वर तरंगत राहिली.

सोलीनने बाझिलचं मनगट धरलं होतं. त्याच्या कातडीवर तिच्या बोटांचे वळ उठले, पण तो ओरडला नाही. तो पाण्याकडे बघून हात हलवत होता. रेमीने डोक्यावरची टोपी काढली.

दुपारी पाणी ओसरलं. सोलीनने मला सोडवलं, घडी केली, खांद्यावर टाकलं आणि एकटी अनवाणी उतार उतरली. चिखलात, नऊ नंबरवर, तिने मला पुन्हा ताणून उभा केला. ओनोरीन मागोमाग आली.

"तंबू लागेल ना तुम्हाला?"

"लागेल," सोलीन म्हणाली. "पण ही जागा रिकामी दिसता कामा नये."

जिथं एक तंबू उभा आहे तिथं दुसरं कोणी तंबू ठोकत नाही. हेही या लोकांच्या हाडातलं. कुंपण टिकलं नाही, पण मी टिकलो. सोलीनने माझ्या कापडावर एकदा गाल टेकवला. ती माणसं दुपारच्या आगगाडीने गेली. नंतर ती कधी आली नाही. ती न आलेलीच बरी.

त्याला सहा उन्हाळे झाले. वसंत संपला की ओनोरीन मला उभा करते, पानं गळू लागली की उतरवते. माझा रंग गेला. दोनदा पाणी गळ्यापर्यंत आलं. बाक वाहून गेलं, मी नाही. ओनोरीन आता कोणालाही जेवताना उठवते. फाटकातून आली की आधी नदीचं सांगते, मग नमस्कार. गावात म्हणतात म्हातारीला रीतभात राहिली नाही. ती म्हणते, नसू दे.

गेल्या उन्हाळ्यात एक माणूस सायकलवर आला, मागे बायको आणि दोन लहान मुली. ओनोरीन बाजाराला गेली होती. सावली, गवत, पाणी बघून तो थेट माझ्याकडे आला. इथं कोणी राहतंय असं दिसत नाही, तो बायकोला म्हणाला, टाकून दिलेला तंबू आहे, बाजूला सारू. तो वाकला आणि माझ्या दाराच्या चेनला हात घातला. मी काय करणार? दोर ताणून धरले. वारा असता तर अंगावर फडफडलो तरी असतो.

आतून एक लहान आवाज आला, अगदी शांत, शिकवलेल्या मुलाने बोलावं तसा.

"जागा भरलेली आहे, काका. तुम्ही वर जा."

तो माणूस लाजला. माफ करा, म्हणाला, आणि मुलींना घेऊन वर अक्रोडाखाली गेला.

तुमच्याशी मी बोलतोय ते निराळं. माणसाच्या कानाला ऐकू जाईल असा आवाज तंबूला नसतो. आणि माझी चेन बाहेरून लावलेली होती.

तेव्हा पोरंबाळं घेऊन या बाजूला आलात, तर वरच उतरा. दगड टोचतील, मेखा वाकतील, मुलं झोपाळ्यासाठी रडतील. रडू द्या. आमची काळजी करू नका. इथं आम्ही पाच जण आहोत, आणि आम्हाला एकमेकांची सवय झाली आहे.